वाफ, कापूस आणि तेरा किलोमीटरचा फाटा

या वेळच्या टपालात बुलढाणा जिल्ह्यातली सहा पत्रं निघाली आणि सहाही एकाच विषयाभोवतीची: वाफेचं इंजिन. म्हणून किरकोळ प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून ही सहा पत्रं एकाखाली एक लावली आहेत. ओळीने वाचली तर एकाचं उत्तर दुसऱ्याला उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्या गावाला १८७० मध्येच रेल्वे आली, असं आजोबा सांगायचे. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्याला अजून रेल्वे नाही. मग तेव्हा खामगावचं एवढं काय अडलं होतं?
(एक वाचक, खामगाव)

उत्तर : खामगावचं नव्हे, मँचेस्टरचं अडलं होतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या कापसावर चालणाऱ्या मँचेस्टरच्या, म्हणजे लँकेशायर परगण्याच्या, गिरण्या ओस पडू लागल्या. दुसरा कापूस कुठे मिळेल, याचा शोध सुरू झाला आणि नजर वऱ्हाडाकडे वळली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं होतं. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडीही धावली होती.

माल होता, वाट नव्हती. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांवर आणि गाड्यांतून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने कलकत्त्याला. १८२५-२६ मध्ये पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने तो लादणीच्या बैलांवरून मुंबईला नेण्याचा घाट घातला. खामगाव ते मुंबई अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. बैल दिवसाला वीस किलोमीटर चालले, तरी महिना गेलाच. त्यात वळवाचा पाऊस गाठला, की मालाचा चिखल.

१८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वेची लाइन भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला अशी नागपूरला पोचली. पण वऱ्हाडातला सगळ्यांत मोठा कापूसबाजार खामगावात, आणि लाइन गेली त्याच्या उत्तरेकडून. हे अंतर तोडण्यासाठी त्या लाइनवरच्या जलंबहून १३ किलोमीटरचा फाटा काढला गेला. मार्च १८७० मध्ये त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. त्याआधी चारच महिने, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला होता, आणि त्याच मार्चमध्ये जबलपूरला रूळ जोडले जाऊन मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग पुरा झाला. खामगावच्या बाजारात वजन झालेला कापूस आता आगगाडी आणि आगबोट यांच्या भरवशावर थेट लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरू शकत होता.

यात एक योगही आहे. १८३० मध्ये सुरू झालेली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे, म्हणजे इंजिनांच्या जोरावर दोन शहरं जोडणारी पहिली मोठी लाइन, हीसुद्धा बंदरावरचा कापूस गिरण्यांपर्यंत नेण्याच्या गरजेतूनच निघाली होती. चाळीस वर्षांनी त्याच साखळीचं दुसरं टोक खामगावात येऊन टेकलं.

प्रश्न : लहानपणी आम्ही ‘झुकझुक गाडी’ म्हणायचो. तो झुकझुक आवाज नेमका कशाचा? आणि आताच्या इंजिनांना तो का नाही?
(निवृत्त शिक्षक, नांदुरा)

उत्तर : तो इंजिनाचा उच्छ्वास. पाण्याची वाफ झाली, की साध्या हवेच्या दाबाला ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. बंद बॉयलरमध्ये ती जागा मिळत नाही, म्हणून दाब चढतो. ही दाबलेली वाफ सिलिंडरमध्ये एकदा दट्ट्याच्या या बाजूला, एकदा त्या बाजूला सोडतात. दट्ट्या पुढेमागे होतो आणि दांड्याच्या मदतीने चाक फिरवतो. काम झालेली वाफ बाहेर पडते, तेव्हा ‘झुक’. दोन सिलिंडर आणि प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चार झुक. आवाज मोजून गाडीचा वेग सांगणारे जुने लोक असत, ते याच हिशेबाने.

खरी गंमत पुढे आहे. ही वापरलेली वाफ मुद्दाम धुराड्यातून वर सोडत. ती वेगाने वर जाताना धूर ओढून नेई. धूर गेला, की त्याची जागा घ्यायला भट्टीत ताजी हवा येई आणि विस्तव फुलून उठे. म्हणजे चढ लागला, इंजिन जास्त धापा टाकू लागलं, की आगही आपोआप भडकायची. लोहाराचा भाता इंजिनाने स्वतःच्या श्वासावर चालवावा, तसं हे. १८२९ मध्ये जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन या बापलेकांच्या ‘रॉकेट’मध्ये या युक्तीची बॉयलरमधल्या अनेक बारीक नळ्यांशी सांगड बसली. त्यानंतर शेवटचं इंजिन बनेपर्यंत मूळ रचना तीच राहिली.

दोषही मोठा होता. कोळशातल्या उष्णतेचा दहावा भागसुद्धा रुळांवर कामी येत नसे. बाकीची धुराड्यातून आभाळात जाई. शिवाय काही अंतरावर पाणी भरायला थांबणं आलंच. डिझेल आणि विजेच्या इंजिनांनी वाफेला हटवलं ते याच हिशेबावर. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनाची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली.

प्रश्न : रेल्वेचं समजलं. पण जिनिंग-प्रेसिंगमध्ये वाफेचा काय संबंध? तिथे तर नुसती सरकी काढतात.
(महाविद्यालयीन विद्यार्थी, मलकापूर)

उत्तर : ‘नुसती सरकी’ म्हणू नका. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३६ किलो. बाकी बहुतेक सरकीच. म्हणजे सरकीसकट कापूस मुंबईला पाठवणं म्हणजे दोन तृतीयांश भाडं सरकीसाठी भरणं. म्हणून सरकी बाजाराच्या गावीच काढायला हवी.

पूर्वी हे काम घरोघरी बायका हातरेच्यावर करत. दोन लाटांमधून कापूस ओढायचा, रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. धागा सुरेख राही, पण दिवसभर बसून हाती काय येणार? कारखान्यातल्या जिन यंत्रात चामडी रूळ रुई ओढून नेतो आणि पात्याशी सरकी अडते. तत्त्व जुनंच, फरक एवढाच, की एका इंजिनावर लांबच लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून निघालेले पट्टे ओळीने मांडलेल्या यंत्रांना एकदम चालवत. आज प्रत्येक यंत्राला आपली मोटर असते. तेव्हा सगळ्या कारखान्याला मिळून एक बॉयलर आणि एक उंच धुराडं. सकाळचा भोंगा तिथलाच, आणि गावाचं घड्याळही तोच.

पुढचं काम प्रेसचं. सुटी रुई म्हणजे हवाच हवा. वॅगन तिने गच्च भरते, पण वजन मात्र थोडंच होतं. मग रेल्वेलाही परवडत नाही आणि व्यापाऱ्यालाही नाही. दाबून बांधलेल्या गाठी आल्या, तेव्हा त्याच वॅगनमध्ये कितीतरी पट माल बसू लागला. आज आपल्याकडे गाठ १७० किलोची धरतात; म्हणजे एका गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस. वाफेच्या गाडीला परवडावं म्हणून वाफेची प्रेस लागली, असंच म्हणा ना. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या गावांत जिन-प्रेस स्टेशनाच्या आसऱ्याने का वाढल्या, तेही यातून कळतं.

आता मोजून बघा. मोताळ्याच्या शेतातलं एक बोंड जिनमध्ये, प्रेसमध्ये, आगगाडीत, आगबोटीत आणि शेवटी लँकेशायरच्या मागावर, असं पाच ठिकाणी वाफेच्या हातून जाई. पुढे पाचवा मुक्काम जवळ आला. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस पिकतो तिथेच गिरणी हवी याच विचाराने.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात रेल्वे घाटाखालीच का? घाटावर माणसं राहत नव्हती का?
(एक विद्यार्थिनी, चिखली)

उत्तर : राहत होती, बाई! पण इंजिनाला चढ चढवत नव्हता. लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर सहज पळतं, हा रेल्वेचा सगळ्यांत मोठा गुण. सपाटीवर थोड्या जोरात प्रचंड ओझं ओढता येतं ते त्यामुळेच. पण चढावर तोच गुण उलटतो. पकड कमी पडते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात.

मुंबईहून वऱ्हाडकडे येताना कसारा घाट लागतो. १८६५ मध्ये तो खुला झाला, तेव्हा ३७ फुटांना एक फूट असा चढ ठेवूनही १३ बोगदे खोदावे लागले. आजही तिथे वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. एवढा खर्च सोसला, कारण त्या घाटापलीकडे अर्ध्या हिंदुस्थानचा व्यापार होता.

आपला जिल्हा बघा. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट पट्टा. तिथे रूळ टाकणं म्हणजे जवळजवळ माती सारखी करून पुढे जाणं. बुलढाणा मात्र समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे त्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त उंच. आणि घाटावरचा कापूस भरलेल्या गाड्यांतून बैलांच्या पायांनी घाट उतरून खामगावला येतच होता. तो घ्यायला इंजिनाने वर चढायचं कारण कंपनीला दिसलं नाही. घाटावर आणि घाटाखाली हा भेद निसर्गाने केलेला होताच. रुळांनी तो व्यापारातही पक्का केला. खामगाव-जालना रेल्वेची पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी ही त्या जुन्या हिशेबाचीच राहिलेली बाकी आहे.

प्रश्न : या सगळ्यात शेतकऱ्याचा फायदा झाला की नुकसान? सरळ उत्तर द्या.
(कापूस उत्पादक, जळगाव जामोद)

उत्तर : सरळ उत्तर : बाजार मिळाला, भाव ठरवण्याचा हक्क मिळाला नाही.

युद्धाच्या काळात कापसाला कधी नव्हे ते भाव आले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि ते कोसळले. अमेरिकेतल्या एका शरणागतीने वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची वर्षाची आशा बुडावी, हे त्याआधी घडणं शक्य नव्हतं. रुळांबरोबर तारायंत्र आलं; लिव्हरपूलचा भाव व्यापाऱ्याला आधी कळे, गाडीवाल्या शेतकऱ्याला नंतर. हातरेच्याचं काम गेलं आणि त्याच बायका जिनमध्ये मजुरीला लागल्या. हंगामात तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले. थोडेच महिने चालणारे असे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी १९११ चा कारखाना कायदा यावा लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळात रेल्वेने वऱ्हाडात धान्य आणलं, हे खरं. पण ज्याच्या हाताला काम नाही, त्याला स्टेशनावरची पोती बघून काय उपयोग?

जमेची एक बाजू मात्र ठळक आहे. मापात मारणं, मनमानी कटती लावणं, याविरुद्ध देशातला पहिला बाजार-कायदा वऱ्हाडातच झाला : १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा. त्याआधी १८८६ मध्ये कारंज्याला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला होता. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. काटा नीट चालतो की नाही, ही तक्रार आजही कानावर येते. पण तक्रार करायला एक जागा असावी, ही गोष्ट वाफेच्या काळातल्या त्याच गर्दीतून निघाली.

प्रश्न : म्हणजे आता वाफेचा जमाना संपला, असंच ना?
(इयत्ता नववी, शेगाव)

उत्तर : नाही. तुमच्या स्टेशनावरून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि खिडकीतून बघत राहा. थोड्याच वेळात पारस येतं. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफच करतात. फक्त ती दट्ट्याऐवजी टर्बाइनची पाती फिरवते. ही तऱ्हा चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये शोधली. झुकझुक नाही, कारण वाफ धक्क्याधक्क्याने नव्हे, अखंड वाहते. ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते, आणि शेगाववरून धावणारी आजची इंजिनंही विजेवरच चालतात. बॉयलर इंजिनाच्या पाठीवरून उतरून वीज केंद्रात गेला, एवढंच.

शेवटी सहाही वाचकांना एक काम. तुमच्या गावात जुनी जिन असेल, तर परवानगी घेऊन एकदा आत जाऊन या. पडका बॉयलर, इंजिनाच्या बैठकीचा दगडी ओटा, भिंतीतल्या शाफ्टच्या खोबण्या, धुराड्याचा बुंधा यांपैकी काही ना काही दिसेल. यंत्रावर बनवणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेली पट्टी असेल, तर ती पुसून वाचा, फोटो काढा आणि तिथे काम केलेलं कुणी म्हातारं माणूस हयात असेल तर त्यांच्याशी बोलून तारीखवार लिहून ठेवा. भंगारवाला यायच्या आत.