बाहुलीचा पोशाख

(बाहुल्या जमवणे, त्यांना नवे रूप देणे आणि त्यांच्यासाठी कपडे शिवणे हा जगातील अनेक लहानथोरांचा छंद आहे. या छंदाची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे. एका तरुणीने आपल्या बाहुलीसाठी शिवलेल्या कपड्यांची हकिकतही या पाठात आली आहे.)

भातुकलीचा खेळ कोणाला आठवत नाही? छोटी चूल, छोटी भांडी आणि खोट्या खोट्या भाताची मेजवानी! या खेळात एक दिवस बाहुलीचे लग्न ठरते. कोणाच्या घरी ते बाहुला-बाहुलीचे लग्न असते, तर कोणाच्या घरी गुड्डा-गुडियाची शादी. आजी, नानी किंवा खाला जुन्या कापडाच्या चिंध्यांची बाहुली करून देते. काळ्या दोऱ्याचे केस आणि काजळाचे डोळे. शिंप्याच्या दुकानातून कात्रणे आणायची आणि त्यांचा घागरा शिवायचा. त्याला जरीच्या किनारीचा एक तुकडा लावला, की नवरी तयार! वरात निघते, जेवणावळ होते. शेवटी नवरी कोणाच्या घरी राहणार, यावरून भांडणही होते.

महाराष्ट्रात पूर्वी मुली ठकी नावाच्या लाकडी बाहुलीशी खेळत. सावंतवाडीची लाकडी खेळणी तर आजही प्रसिद्ध आहेत. ठकीचे कपडे मात्र लाकडावर रंगवलेले असत. ते बदलता येत नसत. याच्या उलट, काही बाहुल्या मोठ्या माणसांसारख्या दिसतात. त्यांचे कपडे काढता-घालता येतात आणि त्यांच्या पोशाखाकडेच सर्वांचे लक्ष असते. अशा बाहुलीला फॅशन बाहुली म्हणतात.

फॅशन बाहुली ही आजची गोष्ट नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांत छायाचित्रे नव्हती. पॅरिसमध्ये कोणते नवे पोशाख निघाले, हे दूरच्या देशांतील राजघराण्यांना कसे कळणार? म्हणून पॅरिसहून नव्या पोशाखात सजवलेल्या बाहुल्या परदेशी पाठवल्या जात. या बाहुल्यांना पँडोरा म्हणत. बाहुलीचे कपडे पाहून तिथले शिंपी माणसांचे कपडे शिवत. म्हणजे तेव्हा बाहुली हे खेळणे नव्हते. ती एक चालतेबोलते नसले तरी सर्वांना समजणारे पत्रच होती!

आजची सर्वांत प्रसिद्ध फॅशन बाहुली म्हणजे बार्बी. तिची कल्पना अमेरिकेतील रूथ हँडलर यांना सुचली. त्या काळी बाजारात तान्ह्या बाळासारख्या बाहुल्याच जास्त असत. अशा बाहुलीशी खेळताना मुलीने आई व्हायचे, एवढेच ठरलेले. पण रूथ यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका समजत असे. १९५६ साली युरोपच्या प्रवासात रूथ यांनी लिली नावाची जर्मन बाहुली पाहिली. तशी बाहुली आपणही काढावी, असे त्यांनी ठरवले. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी लोकांसमोर आली. बार्बराच्या नावावरूनच तिला हे नाव मिळाले. बाहुलीची किंमत ३ डॉलर होती. तिचे कपडे वेगळे विकत मिळत. पुढे अनेकांना वाटू लागले, की कपडे विकत का घ्यावेत? आपणच शिवून पाहू या. अशा रीतीने हा छंद वाढत गेला.

या छंदाचे तीन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे बाहुल्या जमवणे. काही जण बाहुली खोक्यातून बाहेरच काढत नाहीत. काही जण मात्र तिला रोज नवे कपडे घालतात. जमवणाऱ्याने बाहुलीची निगा राखावी लागते. कडक उन्हात ठेवल्यास तिचा रंग उडतो. गडद रंगाचे कापड बरेच दिवस अंगावर राहिले, तर त्याचा रंग बाहुलीला लागतो आणि तो सहज निघत नाही. जुन्या बार्बीच्या कानांतील दागिने धातूचे असत. त्यांमुळे कानांभोवती हिरवा डाग पडतो. म्हणून जाणकार लोक ते दागिने काढून वेगळे ठेवतात. बाहुली कोणती, कधी आणि कोठून मिळाली, याची नोंद वहीत ठेवणे हाही या छंदाचाच भाग आहे. दिल्लीतील शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय तुम्ही पाहिले आहे का? प्रसिद्ध व्यंगचित्रकार शंकर यांनी ते १९६५ साली सुरू केले. तिथे देशोदेशींच्या हजारो बाहुल्या आपापल्या देशाच्या पोशाखात उभ्या आहेत.

दुसरा भाग म्हणजे बाहुलीला नवे रूप देणे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवाने बाहुलीच्या मऊ चेहऱ्यावरील डोळे व ओठ पुसता येतात. मग बारीक कुंचल्याने नवे डोळे काढतात. रंग एकदम जाड लावत नाहीत. एक पातळ थर वाळला, की दुसरा लावतात. हाच द्रव बाहुलीच्या टणक प्लास्टिकच्या अंगाला लागला, तर प्लास्टिक विरघळून खराब होते. गुंतलेले केस आधी हळूहळू विंचरतात आणि मग गरम पाण्यात बुडवून सरळ करतात. द्रवाचे आणि गरम पाण्याचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर सोनिया सिंग नावाच्या बाई राहतात. त्यांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी लोकांनी टाकून दिलेल्या फॅशन बाहुल्या आणल्या. त्यांच्या चेहऱ्यांवरचा भडक रंग पुसला आणि तिथे साध्या, हसऱ्या मुलींचे चेहरे रंगवले. त्यांच्या आईने या बाहुल्यांसाठी लोकरीचे छोटे छोटे कपडे विणले. २०१५ साली या बाहुल्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. कचऱ्यात गेलेल्या बाहुल्यांना पुन्हा घर मिळाले.

तिसरा भाग म्हणजे कपडे शिवणे. यात थोडे गणित आहे. बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर असते. हिशोबासाठी ती माणसाच्या एक षष्ठांश मानतात. तुमच्या कुर्त्याची लांबी ९० सेंटिमीटर असेल, तर बाहुलीच्या कुर्त्याची लांबी १५ सेंटिमीटर होईल. परंतु सर्वच गोष्टी सहाने भागता येत नाहीत. कापडाची जाडी तीच राहते. म्हणून जाड कापडाचा कुर्ता बाहुलीच्या अंगावर गोधडीसारखा फुगतो. कापडावरचे दोन इंचांचे फूल बाहुलीच्या अंगावर एक फुटाच्या फुलाएवढे दिसते. आपल्या शर्टाचे बटण तर बशीएवढे वाटते! म्हणून जुनी मलमलची ओढणी, मऊ रुमाल किंवा बारीक नक्षीचे सुती कापड घ्यावे. ते आधी धुऊन वाळवावे. म्हणजे त्याचा कच्चा रंग निघून जातो.

कापण्यापूर्वी कागदाचा नमुना करावा. तो बाहुलीच्या अंगाला लावून पाहावा. शिवणीसाठी चारही बाजूंना थोडे जास्त कापड सोडावे. बाहुलीच्या बाह्या इतक्या लहान असतात, की कुर्ता पूर्ण शिवून झाल्यावर त्या जोडणे कठीण जाते. म्हणून कापड सपाट असतानाच बाह्या जोडाव्यात आणि मग दोन्ही बाजू शिवाव्यात. बाहुलीचे हात माणसासारखे वाकत नाहीत. त्यामुळे कुर्ता पाठीकडून उघडा ठेवून तिथे छोटे टिचबटण लावावे. गडद कापड असेल, तर आतून पांढरे अस्तर द्यावे. पहिला कुर्ता बहुधा वाकडाच होतो. एक बाही लांब, एक आखूड! तो फेकू नये. त्यावर तारीख लिहून ठेवावी. पाचव्या कुर्त्याशेजारी तो ठेवला, की आपण किती शिकलो ते कळते.

बार्बीवर टीकाही झाली आहे. तिचा बांधा खऱ्या मुलींसारखा नाही, तिला पाहून मुलींना स्वतःचे रूप कमी वाटू लागते, असे अनेकांचे म्हणणे होते. बरीच वर्षे तिचा चेहरा गोऱ्या स्त्रीचाच होता. १९८० साली बार्बी या नावाची पहिली कृष्णवर्णीय बाहुली निघाली. २०१६ साली मॅटेल कंपनीने उंच, बुटक्या आणि भरल्या अंगाच्या बार्बी बाजारात आणल्या. बाहुली बदलायला इतकी वर्षे लागली. पण ज्याच्या हाती सुईदोरा आहे, त्याला इतके थांबावे लागत नाही.

ही गोष्ट आफ्रिकेतील नायजेरिया देशातल्या हनीफा आदम यांनी दाखवून दिली. त्यांनी वैद्यकीय विज्ञानाचे शिक्षण घेतले होते. एकदा त्या इंटरनेटवर बार्बीची छायाचित्रे पाहत होत्या. बाहुलीच्या अंगावर तऱ्हेतऱ्हेचे पोशाख होते. पण आपल्यासारखा हिजाब घातलेली बार्बी त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग त्यांनी ठरवले, की आपण जे कपडे घालतो, तेच बाहुलीला घालायचे. लांब बाह्यांचे झगे आणि डोक्यावर नीट बसणारे इवलेसे हिजाब त्यांनी स्वतः शिवले. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी या बाहुलीची छायाचित्रे लोकांसमोर ठेवली. तिचे नाव त्यांनी ठेवले हिजार्बी. काही आठवड्यांतच हजारो लोक ही छायाचित्रे पाहू लागले.

हिजाब घातलेली ही पहिली बाहुली नव्हे. अरब देशांत २००३ साली फुल्ला नावाची बाहुली आली होती. मोगऱ्याच्या जातीच्या एका फुलावरून तिचे नाव ठेवले आहे. अबाया आणि रुमाल हाच तिचा बाहेर जाण्याचा पोशाख होता. पण फुल्ला कारखान्यातून आली. हिजार्बीचा पोशाख मात्र एका मुलीने घरी शिवला. बाहुली आपल्यासारखी दिसत नाही म्हणून ती रुसून बसली नाही. बाहुली फेकून देऊन मोकळीही झाली नाही. तिने कापड घेतले आणि सुईत दोरा ओवला.

पुढे २०१७ साली मॅटेल कंपनीनेही हिजाब घातलेली बार्बी काढण्याचे जाहीर केले. ही बाहुली इब्तिहाज मुहम्मद या अमेरिकन तलवारबाज खेळाडूच्या रूपात होती. हिजाब घालून ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली अमेरिकन खेळाडू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने सांघिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. बाहुलीच्या हातात तलवारही दिली होती. अशी बाहुली पाहून एखाद्या मुलीला वाटले असेल, 'ही तर माझ्यासारखीच आहे!'

हा छंद फक्त मुलींचाच आहे, असे समजू नका. उत्तम शिंपी आणि पोशाखांची आखणी करणारे कितीतरी कलाकार पुरुष आहेत. लहान कुर्ता ज्याला नीट शिवता येतो, त्याला मोठा कुर्ता शिवणे अवघड वाटत नाही. शिवाय या छंदाला महाग बाहुलीच हवी असेही नाही. नानीने केलेली चिंध्यांची बाहुली, शिंप्याकडची मूठभर कात्रणे, एक सुई आणि थोडा धीर एवढे पुरे. आपल्या बाहुलीने काय नेसावे, हे ठरवण्याचा मान मात्र आपल्याकडेच ठेवावा.

शब्दार्थ

भातुकली – मुलांचा घर-संसाराचा खेळ
चिंधी – जुन्या कापडाचा तुकडा
कात्रण – कापड कापताना उरलेला तुकडा, कतरन
शिंपी – कपडे शिवणारा, दर्जी
निगा राखणे – काळजी घेणे
कुंचला – रंग देण्याचा ब्रश
एक षष्ठांश – सहावा भाग
गोधडी – जुन्या कपड्यांचे थर शिवून केलेले पांघरूण
टिचबटण – दाबून बसवण्याचे छोटे बटण
बांधा – शरीराची ठेवण
हकिकत – घडलेली गोष्ट

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ठकीचे कपडे का बदलता येत नसत?
(आ) पॅरिसहून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या बाहुल्यांना काय म्हणत?
(इ) बार्बीला तिचे नाव कोणावरून मिळाले?
(ई) हनीफा आदम यांनी आपल्या बाहुलीचे नाव काय ठेवले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) बाहुलीच्या कपड्यांसाठी मोठ्या फुलांचे कापड घेऊ नये.
(आ) बाहुलीच्या गडद कपड्यांना आतून पांढरे अस्तर द्यावे.
(इ) पहिला वाकडा कुर्ता फेकून देऊ नये.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सोनिया सिंग यांनी टाकून दिलेल्या बाहुल्यांचे काय केले?
(आ) फुल्ला आणि हिजार्बी यांच्यात कोणता फरक आहे?
(इ) बार्बीवर कोणती टीका झाली? ती टीका तुम्हांला पटते का? का?

प्रश्न ४. हिशोब करा व पूर्ण वाक्यात उत्तर लिहा.
तुमच्या पायजम्याची लांबी ९६ सेंटिमीटर आहे. बार्बीच्या पायजम्याची लांबी किती ठेवाल?

प्रश्न ५. भाषाभ्यास
(अ) अनेकवचन लिहा : बाहुली, चिंधी, कात्रण, बाही, पोशाख.
(आ) 'अस्तर', 'जरी', 'मखमल', 'पायजमा' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरतात. कपडे व शिवणकाम यांविषयीचे असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
(इ) वाक्यात उपयोग करा : निगा राखणे, रुसून बसणे, लक्ष असणे.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या बाहुलीविषयी विचारा. ती कशाची होती, तिचे कपडे कोणी शिवले, हे मराठीत दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.