मृत्युपत्र नसते तेव्हा वारस कोण?

माझ्या आजोबांनी मृत्युपत्र केले नव्हते. आमच्या गावात ते सहसा कोणी करीतही नाही. दिवसकार्य आटोपल्यावर 'वारस कोण?' हा प्रश्न निघाला आणि जो तो आपापल्या परीने उत्तर देऊ लागला. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून आईने कागद माझ्या हाती दिले. त्या निमित्ताने जे वाचले, ते येथे मांडीत आहे.

हिंदू कुटुंबापुरते याचे उत्तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये सापडते. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम 'वर्ग १' मधील वारसांकडे जाते. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे त्यांतील प्रमुख होत. या वर्गात कोणीच नसेल, तरच वर्ग २ चा विचार होतो. नवलाची गोष्ट अशी की आई पहिल्या वर्गात आहे, तर वडील दुसऱ्या! मुलीचे लग्न झाले की नाही, हे येथे पाहिले जात नाही.

आता आमच्याच घरचे उदाहरण घेऊ. आजोबांनी मजुरीच्या पैशांतून ५ एकर जमीन विकत घेतली होती. त्यांच्यामागे आजी, काका, दोन आत्या, आणि आई व आम्ही तीन भावंडे. माझे वडील आजोबांच्या आधीच वारले. काकांचे म्हणणे, "दादा आधी गेला, मग त्याचा वाटा कसला?" गावातही हीच समजूत आहे. परंतु आधी वारलेल्या मुलाची शाखा कायदा तोडीत नाही. त्याचा एक वाटा त्याची विधवा व मुले मिळून घेतात. म्हणून एकंदर वाटे ५, प्रत्येकी एक एकर. आमच्या एकराचे, म्हणजे ४० गुंठ्यांचे, चार भाग. प्रत्येकी १० गुंठे.

वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेचे नियम निराळे आहेत. तेथेही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

दुसरा गैरसमज सातबाऱ्याचा. ज्याचे नाव चढले तो मालक, असे आपण धरून चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते, हे खरे. पण हक्क मृत्यूच्या क्षणीच मिळतो. फेरफार ही केवळ त्याची नोंद. नाव राहिले म्हणून वारसाचा हक्क जात नाही, मात्र पुढे तो सिद्ध करताना पिढ्या खर्ची पडतात.

हे सारे सांगितल्यावर आईचा चेहरा उजळला. वारसनोंदीचा अर्ज लिहायला बसले, तेव्हा ती म्हणाली, "आत्यांची नावे कशाला? त्यांची लग्ने लावून दिली की!" क्षणभर माझे पेन थांबले. ज्या यादीत आईला जागा मिळाली, त्याच यादीत आत्याही आहेत. आपल्यापुरता कायदा उचलून दुसऱ्यापुरता तो झाकून ठेवला, तर काकांत आणि आपल्यात फरक तो काय? आत्यांना वाटा सोडावयाचाच असेल, तर नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने त्या तो सोडू शकतात. पण तो निर्णय त्यांचा, आमचा नव्हे.

मी अर्जात आठही नावे लिहिली. आईने ती एकेक करून वाचून घेतली आणि शेवटी सही केली.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एकच विनंती. या सुटीत आपल्या घरचा सातबारा एकदा वाचा. त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा, आणि कोणाचे असायला हवे होते तेही पाहा.