‘कनेक्शन सुरक्षित नाही’ ही सूचना आल्यास काय करावे ?

सातबाऱ्याचा उतारा काढणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी करणे ही कामे आता बहुतांशी संगणकावर किंवा मोबाइलवर होतात. अशा वेळी हवे ते पान उघडण्याऐवजी पडद्यावर ‘आपले कनेक्शन खाजगी नाही’ अशा अर्थाची सूचना येते व काम अडते. अर्जाची मुदत संपत आलेली असते, केंद्रासमोर रांग लागलेली असते. मग सूचनेखालील बटण दाबून ‘तरीही पुढे जा’ या ओळीवर बोट ठेवले जाते. ही सवय घातक आहे. उलट, सूचना दिसताच काम सोडून शेतकऱ्याला परत पाठविणे हेही योग्य नव्हे. सूचनेचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते व थोड्या वेळात शोधून काढता येते.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला बीज प्रमाणीकरण यंत्रणेची निळी खूणचिठ्ठी लावलेली असते. जाणता शेतकरी पिशवी घेताना चिठ्ठीवरील मुदत पाहतो, वाणाचे नाव पाहतो आणि चिठ्ठी कोणी दिली हेही पाहतो. क्रोम, फायरफॉक्स यांसारखा ब्राउझर नेमकी हीच तपासणी करीत असतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ त्याच्यापुढे आपले प्रमाणपत्र ठेवते. ते पटले म्हणजे भरलेली माहिती सांकेतिक रूपात जाते व वाटेत कोणालाही वाचता येत नाही. तीनपैकी एक बाब जरी जुळली नाही, तरी ब्राउझर थांबतो व सूचना देतो. सूचनेखाली बारीक अक्षरांत एक इंग्रजी संज्ञा असते. ती प्रथम कागदावर उतरवून घ्यावी. रोगाचे निदान तिच्यातच असते.

संज्ञेत ‘डेट इनव्हॅलिड’ हे शब्द असल्यास मुदतीचा प्रश्न आहे असे समजावे. येथे पहिला संशय आपल्याच संगणकाच्या घड्याळावर घ्यावा. संगणकाच्या मुख्य पाटीवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. हा सेल संपला की वीज जाऊन आल्यावर संगणक कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागतो, आणि मग आजचे वैध प्रमाणपत्रही त्याला अवैध वाटते. एकाच वेळी अनेक संकेतस्थळे अडू लागली, तर कारण बहुधा हेच असते. तारीख, वर्ष व भारतीय प्रमाणवेळ नीट लावावी. वेळ आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवावी. दररोज तीच तक्रार येत असल्यास सेल बदलावा. त्याला फारसा खर्च येत नाही. मोबाइलमध्येही तारीख हाताने बदललेली नाही ना, हे पाहावे.

घड्याळ बरोबर असून एकच संकेतस्थळ अडत असेल, तर त्याच्या चालकांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण केलेले नसण्याचा संभव असतो. यावर वापरणाऱ्याच्या हाती उपाय नाही. संबंधित कार्यालयास कळवावे व थांबावे. पूर्वी ही प्रमाणपत्रे दीर्घ मुदतीची असत. २०२० च्या सप्टेंबरपासून कमाल मुदत ३९८ दिवस झाली, आणि २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणण्याचे २०२५ साली ठरले. नूतनीकरणात हयगय करणाऱ्या कार्यालयांची संकेतस्थळे यामुळे अधिक वेळा अडण्याची भीती आहे.

‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असे शब्द असल्यास प्रमाणपत्रावरील नाव व उघडलेल्या पत्त्याचे नाव यांत मेळ नाही असा अर्थ होतो. पत्ता लिहिण्यात अक्षर चुकले आहे काय, ते पाहावे. बसस्थानक किंवा उपाहारगृहातील फुकट वाय-फाय आधी आपले नोंदणीचे पान पुढे करू पाहते, त्यामुळेही अशी सूचना येऊ शकते. वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच पान उघडून पाहावे.

‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ ही सूचना सर्वांत जपून हाताळावी. प्रमाणपत्र देणारी संस्था ब्राउझरच्या विश्वासू यादीत नाही, असे ती सांगते. फोन फार जुना असल्यास त्यातील यादीही जुनी असते. अँड्रॉइडच्या ७.१.१ पूर्वीच्या आवृत्तीत लेट्स एन्क्रिप्ट या मोठ्या संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र नाही, व त्यासाठी केलेली तात्पुरती सोय २०२४ साली संपली. काही विषाणू-प्रतिबंधक प्रणालीही मध्ये पडून असाच घोटाळा करतात. परंतु खरोखरच कोणी मध्ये बसून माहिती वाचत असेल, तरीही हीच सूचना येते. दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या जोडणीवरून तेच पान उघडावे. तेथे ते नीट उघडले तर दोष पहिल्या यंत्रात किंवा जोडणीत आहे. यादीतील संस्थांकडूनही चूक होते, हे विसरू नये. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले होते. त्यानंतर क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास मोजक्या भारतीय नावांपुरता मर्यादित केला.

कारण सापडेपर्यंत आधार क्रमांक, बँक खाते, पासवर्ड वा ओटीपी त्या पानावर भरू नये. काही संकेतस्थळांसाठी ब्राउझर ‘पुढे जा’ ही वाटच ठेवीत नाही. तेव्हा दुसरा ब्राउझर घेऊन पळवाट शोधणे हा शहाणपणा नव्हे. पत्त्याशेजारी नुसते ‘नॉट सिक्युअर’ असे शब्द दिसत असतील, तर तेथे बहुधा प्रमाणपत्रच नसते. क्रोममध्ये जुलै २०१८ पासून अशा सर्व पानांवर ही खूण येते. तेथे बाजारभाव वाचण्यास हरकत नाही. स्वतःची माहिती मात्र देऊ नये.

सूचना न येणे ही सचोटीची हमी नव्हे. प्रमाणपत्र फुकटही मिळते आणि ठकालाही मिळते. पत्त्यावरील नाव त्याच्या ताब्यात असले म्हणजे पुरे. म्हणून पत्ता स्वतः वाचावा. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग पाहावा व त्याचा शेवट तपासावा. पीएम-किसानचा खरा पत्ता ‘पीएमकिसान.गव्ह.इन’ असा, इंग्रजी अक्षरांत, आहे. आरंभी योजनेचे नाव आणि शेवटी ‘कॉम’ किंवा ‘ऑनलाइन’ असेल, तर ते पान शासनाचे समजू नये.

सूचना डावलून माहिती आधीच भरली गेली असल्यास दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून पासवर्ड त्वरित बदलावा व बँकेस कळवावे. खात्यातून रक्कम गेली असल्यास त्याच घटकेस १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी व तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.