तारासूचीची पारख

गोदावरीच्या तीरी वसलेल्या नाशिक क्षेत्री सुमारे बारा वर्षांनी सिंहस्थ पर्व येते. गुरू सिंह राशीत आला म्हणजे या पर्वास आरंभ होतो. परंतु गुरू कोठे आहे हे सांगावयाचे, तर ज्या ताऱ्यांमधून तो मार्ग काढतो त्यांची स्थाने आधी ठाऊक असावी लागतात. मैलाचा दगडच भलत्या जागी रोवला असेल, तर वाटसरूने किती वाट चालली हे कोणी सांगावे? तारे हे आकाशातील मैलाचे दगड होत. त्यांची स्थाने, तेज आणि अंतरे ज्या ग्रंथात नोंदलेली असतात, त्यास तारासूची म्हणतात.

तारासूची तयार करणे कष्टाचे खरे. पण ती बिनचूक आहे की नाही हे पारखणे त्याहूनही कठीण. सराफ कसोटीवर घासल्यावाचून सोने घेत नाही. ज्योतिर्विदाला मात्र फूटपट्टी घेऊन ताऱ्यापर्यंत जाता येत नाही. मग त्याने कसोटी आणावी कोठून?

पहिली कसोटी म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणे. इ. स. १८८७ मध्ये पॅरिस येथे अनेक देशांचे ज्योतिर्विद जमले आणि सर्व आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याचे त्यांनी ठरविले. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून देण्यात आले. चिली देशातील सांतियागो वेधशाळेकडून न झालेला, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने पत्करला. त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचे कामही नंतर याच वेधशाळेने केले. तेजस्वी अभिजित तारा या उत्तर पट्ट्यातच आहे. आर्. जे. पोकॉक आणि त्यांच्यामागून टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली हे काम वर्षानुवर्षे चालले.

छायाचित्राच्या प्रत्येक काचेवर पाच मिलिमीटरच्या चौकटींचे जाळे आधीच उमटविलेले असे. काचेवरील लेप आकसला, तर जाळ्याच्या रेषाही सरकत व दोष उघड होई. शिवाय शेजारच्या काचा एकमेकींवर अशा येत, की प्रत्येक तारा निदान दोन काचांवर उमटावा. दोन्ही काचांवरून निघालेली स्थाने जुळली नाहीत, तर मोजणी पुन्हा तपासावी लागे. धुळीचा कण एका काचेवर ताऱ्यासारखा दिसेल. पण दुसऱ्या काचेवर त्याच जागी तो कसा येणार?

दुसरी कसोटी म्हणजे निराळ्या मार्गाने काढलेल्या उत्तराशी तुलना. हिपार्कस नावाच्या युरोपीय उपग्रहाने केलेली १,१८,२१८ ताऱ्यांची सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून कृत्तिकापुंजाचे अंतर सुमारे ३८५ प्रकाशवर्षे ठरले. इतर रीतींनी मात्र ते सुमारे ४४० येत होते. हा वाद क्षुल्लक नव्हता. कृत्तिका खरोखर इतक्या जवळ असतील, तर त्यांतील तारे त्यांच्यासारख्या इतर ताऱ्यांहून मंद आहेत असे मानावे लागे आणि ताऱ्यांविषयीचे शास्त्रच नव्याने तपासावे लागे. २०१४ मध्ये दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून हे अंतर मोजले गेले. ते सुमारे ४४४ प्रकाशवर्षे भरले. पुढे गाया या उपग्रहाची मापेही त्याच्याशी जुळली. म्हणजे सूची प्रतिष्ठित असली, तरी तिचा प्रत्येक आकडा निर्दोष असतोच असे नाही.

तिसरी कसोटी सर्वांत चतुर आहे. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, तेच मुद्दाम मोजून पाहावयाचे! रिकामा तराजू शून्य दाखवितो का, हे वाणी आधी पाहतो, तसेच हे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असता जवळचा तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो. त्यावरून त्याचे अंतर काढतात. क्वेसार मात्र इतके दूर असतात, की त्यांचे हे सरकणे शून्यच भरावयास हवे. गायाच्या २०२२ मधील सूचीत सुमारे १८० कोटी ज्योतींची नोंद आहे. तिच्यातील क्वेसार तपासले, तेव्हा शून्याऐवजी सुमारे उणे १७ इतकी सरासरी त्रुटी आढळली. आणि हा आकडा विकलेच्या दशलक्षांशांत आहे. संशोधकांनी ही त्रुटी झाकून न ठेवता ती सुधारण्याची रीतच सूचीसोबत प्रसिद्ध केली.

नीट पारखलेले काम कधी वाया जात नाही. हैदराबादसह सर्व वेधशाळांची जुनी मापे हिपार्कसच्या आधारे नव्याने गणून १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. २००० मध्ये टायको-२ या सूचीसाठी सुमारे २५ लाख ताऱ्यांची गती काढताना तीच मापे उपयोगी पडली. ताऱ्याची गती कळण्यास दीर्घ काळाचे अंतर लागते, आणि जुनी काच पुन्हा घेता येत नाही. ज्यांनी दिव्याच्या उजेडात एकेक ठिपका दोनदा मोजला, त्यांच्या चिकाटीचे मोल असे उशिरा कळले. आपल्या कामातील चूक आपणच शोधणे आणि ती उघडपणे नोंदविणे, हेच शास्त्राचे खरे भूषण होय.

स्वाध्याय
१. प्रत्येक तारा दोन काचांवर उमटेल अशी योजना का केली होती?
२. कृत्तिकांच्या अंतराविषयीचा वाद महत्त्वाचा का ठरला?
३. ‘रिकामा तराजू’ हा दृष्टान्त कोणत्या कसोटीस लागू पडतो? स्पष्ट करा.