यात्रेला किती माणसे मावतात?

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलात की साधारण पंचवीस किलोमीटरवर राजूर येते. टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे. एरवी निवांत असलेले हे गाव अंगारकी चतुर्थीला ओळखू येत नाही. जालन्याहून रात्रभर पायी चालत आलेले भाविक, नारळ-फुलांची दुकाने, एस.टी.च्या जादा गाड्या, दर्शनाची लांबच लांब रांग!

विद्यार्थिमित्रांनो, या गर्दीकडे पाहून एक प्रश्न विचारू या. अशा गावात एका दिवसात जास्तीत जास्त किती माणसे सुखाने येऊन जाऊ शकतील? सुखाने म्हणजे आलेल्यांच्या सुखाने, आणि गावात कायम राहणाऱ्यांच्याही. या संख्येला त्या स्थळाची ‘धारणक्षमता’ म्हणतात.

ती काढायची कशी? इथे शेतीशास्त्रातला एक जुना नियम उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की पिकाची वाढ जमिनीतील सर्व द्रव्यांच्या बेरजेवर ठरत नाही. जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल त्यावर ठरते. नत्र कमी असेल तर स्फुरद कितीही घाला, उपयोग नाही. हे समजावण्यासाठी लाकडी पिंपाचे चित्र काढतात. पिंपाच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या असल्या तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच राहते. यात्रेच्या गावाचेही तसेच असते. रस्ता, वाहनतळ, दर्शनाची रांग, पाणी, शौचालये या त्याच्या फळ्या होत.

आता आकडेमोड करू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. समजा, गाभाऱ्यापुढे प्रत्येक भाविक ४ सेकंद थांबतो. म्हणजे तासाला ९०० जणांचे दर्शन होईल. देऊळ २० तास उघडे ठेवले तर १८,००० जणांचे. ही झाली रांगेची फळी.

आता शौचालये घ्या. एका वापराला ५ मिनिटे धरली तर एक शौचालय तासाला १२ जणांच्या व २० तासांत २४० जणांच्या उपयोगी पडेल. १८,००० ला २४० ने भागा. उत्तर ७५. काम झाले असे वाटते ना? पण माणसे दिवसभर सारखी येत नाहीत. रात्री चालायला लागलेले सगळे पहाटेच पोहोचतात. पहाटेच्या ३ तासांत ६,००० जणांना गरज पडली तर एक शौचालय त्या वेळात ३६ जणांनाच पुरे पडेल, म्हणून १६७ शौचालये लागतील! दुपटीहून अधिक. सरासरी काढून केलेली व्यवस्था नेमकी गर्दीच्या वेळी कोसळते ती अशी. आणि मग रस्त्याकडेची शेते घाण होतात, ती घाण पहिल्या पावसात ओढ्याला जाते.

सर्वांत महत्त्वाची फळी पाण्याची. पिणे, हातपाय धुणे व शौच मिळून माणशी १० लिटर धरू. १८,००० माणसांना १,८०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १८ टँकर. जालना जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर. खाली बेसाल्टचा काळा खडक; त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरातच काय ते पाणी साठते. चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने जे सोसले ते तुमच्या घरातील मोठ्या माणसांना विचारा. अशा वेळी यात्रेकडे वळलेला टँकर कुठल्यातरी वस्तीवर न गेलेला टँकर असतो. पाहुण्यांना पाणी मिळालेच पाहिजे, पण शेजाऱ्याच्या हंड्यातले नव्हे.

मग उपाय? एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. १,००० चौरस मीटरचे छत (मंदिर, भक्तनिवास, शाळा मिळून एवढे सहज भरेल) आणि ६५० मिलिमीटर पाऊस घ्या. त्यातला पाचवा हिस्सा वाया जातो असे धरा. ५,२०,००० लिटर पाणी हाती येते! वर्षात अंगारकी किती? वर्षात सरासरी १२.३७ चांद्रमास होतात, तेवढ्याच संकष्ट्या. त्यांतली सातातली एक मंगळवारी. १२.३७ भागिले ७ म्हणजे सुमारे १.७७. त्या हिशेबाने अंगारकीसाठी वर्षाला सरासरी ३,२०,००० लिटर लागतील. त्यासाठी १६ मीटर लांब, १० मीटर रुंद व २ मीटर खोल झाकलेली टाकी पुरे. पाऊस निम्माच झाला तर मात्र २,६०,००० लिटरच मिळतील, हेही आधीच कळते. शिवाय पंचांग पुढच्या वर्षीच्या तारखा आज सांगते. इतक्या अचूकपणे आगाऊ कळवून येणारा पाहुणा दुसरा कोण असेल? तरी तयारी आदल्या दिवशी सुरू व्हावी, याचे आश्चर्य वाटते.

पाण्याची फळी अशी वाढवता येते. काही फळ्या मात्र वाढत नाहीत. राजूरहून त्याच रस्त्याने पुढे भोकरदनला जा. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली येथे उत्खनन केले. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय मूर्तीशी मिळतीजुळती आहे. अशा पांढरीच्या टेकाडातील मातीचे थर एकदा तुडवले किंवा खणून नेले की कोणत्याही निधीने परत येत नाहीत.

भोकरदनवरून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाता येते. तेथे आखूड फळी आहे लेण्यातील हवेची. स्वस्थ उभा असलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. ४० माणसे म्हणजे ४ किलोवॉट. जणू एक किलोवॉटच्या चार शेगड्या! त्यात श्वासाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. चित्रांखालचा गिलावा माती, भुसा व तंतू यांचा. दमट हवेत त्यावर बुरशी व कीटक फावतात. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, आणि वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने नेतात. फ्रान्समधील लास्को गुहेत असा विचार उशिरा झाला. १९४८ साली खुली केलेली ती गुहा १९६३ साली लोकांना बंद करावी लागली. १९८३ पासून प्रवासी जवळच उभारलेली प्रतिकृती पाहतात.

तुमच्या गावच्या जत्रेचे पिंपही तुम्ही मोजू शकता. अंबडची मत्स्योदरी असो, जांबसमर्थची रामनवमी असो. प्रत्येक तासात दहा मिनिटे देवळाच्या दाराशी उभे राहून आत जाणारी माणसे मोजा, सहाने गुणा व आलेख काढा. नळाखाली एक लिटरचे भांडे किती सेकंदांत भरते ते पाहा. शौचालये मोजताना कुलूप लावलेली धरू नका. कामाला दोघे असावेत; एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. एकट्याचा आकडा गर्दीच्या वेळीच चुकतो, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो.