नावापुढचं राव

इंदिरानगर, नाशिक

चि. सुजय,


काल रात्री सव्वाबाराला तुझा मेसेज आला, "मामा, मी घाण माणूस आहे का?" मग अर्धा तास टाइप करत राहिलास. फोनवर तू नुसता "हो, हो" करतोस, म्हणून हे पत्र.

आधी एक गाठ सोडवू. घाण वगैरे काही नाहीस. सव्वीस वर्षांचा मुलगा रात्री खोलीत एकटा बसून मोबाइलवर बायकांचे असले लाइव्ह कार्यक्रम बघतो, यानं आभाळ कोसळत नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, तेव्हा घरात विचारता न येणारे लैंगिक प्रश्न लोक त्यांना पत्रानं विचारत. त्यांची उघड उत्तरं दिली म्हणून 1934 साली खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. तेव्हा ही लाज तुझ्यापासून सुरू झालेली नाही.

दुसरी गाठ त्यातल्या एकीवर जीव जडल्याची. ती मला ठाऊक आहे.

मी एकवीसचा असताना गावच्या यात्रेला तमाशा आला. दौलतजादाला मी पाचाची नोट पुढे केली. नाचणारीनं ती घेतली आणि माइकवरून माझं नाव पुकारलं, पुढे 'राव' लावून. घरात मला कुणी राव म्हणत नव्हतं. तीन रात्रींत द्राक्षाच्या खरड छाटणीची सगळी मजुरी गेली. चौथ्या दिवशी सकाळी मी राहुट्यांच्या मागं गेलो. ती पालथ्या बादलीवर बसून तुटलेल्या चाळातले घुंगरू दोऱ्यात ओवत होती. मी हसत उभा. तिनं मान वर केली. "पाव्हणं, जपून, पाणी सांडलंय." मला ओळखलंच नव्हतं.

तिनं फसवलं नव्हतं. नाव पुकारणं हे तिचं काम होतं आणि ते तिनं चोख केलं होतं. तुझी ती लाइव्हवर भेट आली की नाव घेऊन "थँक यू" म्हणते, ते हेच.

तू शाहीर पठ्ठे बापूराव आणि त्यांच्या फडात नाचणाऱ्या पवळेचा दाखला दिलास. पुण्याला जाताना संगमनेरच्या पुढं हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो ना, पवळा तिथलीच. रेठऱ्याचे कुलकर्णी असलेले बापूराव जात, घर, वतन मागं टाकून फडात उतरले, तिच्याबरोबर बोर्डावर उभे राहिले आणि तिच्या वाट्याची बदनामी त्यांनीही अंगावर घेतली. तू मात्र दाराला कडी लावून बसतोस. उद्या ऑफिसात लाइव्हवरच्या अशा बाईचा विषय निघाला, तर सगळ्यांबरोबर हसशील. लाज वाटायचीच असेल तर त्या हसण्याची वाटू दे.

डान्स बारचं हेच झालं. 2005 साली राज्यानं बंदी घातली, बड्या हॉटेलांना मात्र सूट. पोट गेलं ते नाचणाऱ्या बायकांचं. बघे घरी जाऊन जेवले. उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, 2013 साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. पुढं नवा कायदा आला, त्यावर 2019 साली निकाल लागला: नोटा उधळायच्या नाहीत, बक्षीस द्यायला हरकत नाही.

तुलाही तेवढाच नियम पुरे. बघायचंच असेल तर महिन्याची रक्कम ठरव, सिनेमाच्या तिकिटाला ठरवतोस तशी. त्यापलीकडे एक रुपया नाही. लोन ॲपवाल्यांचे ऐंशी हजार आहेत, त्याचे हप्ते आपण बसून लावू. ती ॲपं आजच काढ. तिचं खरं नाव, गाव, नंबर शोधू नकोस. तिचं रेकॉर्डिंग ठेवू नकोस, मित्रांना तर पाठवूच नकोस. आणि तिला सोडवायला निघू नकोस. तिनं तुला बोलावलेलं नाही.

अंबडची पाळी संपली की तू थेट पाथर्डी फाट्याच्या खोलीवर जातोस. दिवसभरात नाव घेऊन हाक मारणारं कुणी नाही, खरी भूक तिथं आहे. आईला यातलं काही कळणार नाही, माझा शब्द.

रविवारी सकाळी ये. मामी दारातूनच "सुज्या, चपला बाहेर!" म्हणून ओरडेल. ऐकून घे.

तुझा,
मामा