भाड्याचे आठ हजार, हप्त्याचे वीस

अंबाजोगाई

चि. भाचीस,


तुझ्या आईकडून सगळं कळलं. बीडमधला बार्शी रोडकडचा दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट, किंमत तीस लाख, साठवलेले आठ लाख हाताशी, आणि बँक चोवीस लाख द्यायला तयार. मामाची सारी नोकरी बँकेच्या कर्जाच्या टेबलावर गेली, तेव्हा त्याने एकदा मान डोलावली की घरात पेढे वाटायचे, असा बेत दिसतो. मामा इतक्यात मान डोलावणार नाही. आधी आकडे मांडू, मग आकड्यांत न बसणाऱ्या गोष्टी बोलू. त्या बीडमध्ये बऱ्याच आहेत.

बीडमध्ये कुठल्याही कट्ट्यावर विचारलं तर एकच उत्तर मिळतं : भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा, आणि हप्ता म्हणजे आपल्याच घरात पडणारा. यातलं अर्धं खरं आहे. चोवीस लाख, वीस वर्षं, व्याज आठ टक्के धर. हप्ता बसतो २०,०७५ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १६,००० व्याजाचे. मुद्दलातून वजा होतात ४,०७५. म्हणजे पहिल्या महिन्यात घर घेणारी बाईसुद्धा भाडंच भरते, फक्त घरमालकाऐवजी बँकेला, आणि सध्याच्या आठ हजारांच्या भाड्याच्या दुप्पट. पाच वर्षांत बँकेत बारा लाख जातील आणि मुद्दल फिटलेलं असेल तीन लाखांच्या आत. निम्मं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षं लागतात. वीस वर्षांनी हिशेब मिटतो तेव्हा चोवीस लाखांचे अठ्ठेचाळीस लाख भरून झालेले असतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरीला कर्ज म्हणजे काय हे शिकवायला नको. कोयत्यामागे, म्हणजे दर जोडप्यामागे, मुकादम आगाऊ उचल देतो, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात संपते, आणि मग अख्खा हंगाम सांगलीकडं, कोल्हापुराकडं ती फेडण्यात जातो. फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत. बँकेचं कर्ज उचलीपेक्षा हजारपटीनं बरं. व्याज कागदावर असतं, आणि बदलत्या व्याजदराचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पण पैसा आधी हातात आणि आयुष्याची वर्षं नंतर गहाण, हा त्यातला गाभा तोच.

आता भाड्याची बाजू. आठ हजार महिना म्हणजे वर्षाला ९६,०००. तीस लाखांच्या घरावर हे पडलं ३.२ टक्के. घरमालकाला त्याच पैशावर पोस्टात याच्या दुपटीहून अधिक मिळालं असतं. तो तोट्यात आहे असं नाही, त्याची नजर भाडं कमावण्यापेक्षा जागेचा भाव वाढण्यावर आहे. मात्र त्याच्या या हिशेबाचा फायदा भाडेकरूला होतो.

हप्ता आणि भाडं यांतला फरक बारा हजारांचा. हे बारा हजार दरमहा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत गेले, तर सध्याच्या ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांनी ८ लाख ५६ हजार होतात. फ्लॅटसाठी आत्ता जे आठ लाख द्यायचे, सहा लाख बिल्डरला आणि सुमारे दोन लाख मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकिलाला, ते राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात घातले तर ७.७ टक्क्यांनी पाच वर्षांनी साडेअकरा लाखांच्या वर जातात. दोन्ही मिळून वीस लाख. उलट बाजूला घर आहे, पण त्यावर एकवीस लाखांचं कर्ज बाकी आहे. दोन्ही पारडी सारखी व्हायची तर तीस लाखांचा फ्लॅट पाच वर्षांनी एकेचाळीस लाखांना विकला गेला पाहिजे, म्हणजे भाव दरसाल साडेसहा टक्क्यांनी चढला पाहिजे. भाडंही दरवर्षी थोडं वाढेल हे खरं. पण घरमालकीण झालीस की तुलाही नगरपालिकेची घरपट्टी आहे, लिफ्टचा खर्च आहे, आणि नळाला पाणी येईपर्यंत मागवायचा टँकर आहे. ते एकमेकांत वळते करून टाकू.

साडेसहा टक्के चढेल का? जमीन चढेल, तिसऱ्या मजल्यावरचा जुना होत जाणारा फ्लॅट चढेलच असं नाही. भाव वाढतो तो जमिनीचा. फ्लॅटवाल्याच्या वाट्याला जमीन येते ती कागदावर, इमारतीतल्या सगळ्यांत वाटून.

कर वाचतो म्हणून कर्ज काढ, असं तुझ्या दवाखान्यातल्या सीनियर सिस्टर सांगत असतील तर ते आता जुनं झालं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही, आणि त्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. जो कर द्यायचाच नाही तो वाचवण्यासाठी वर्षाला एक लाख नव्वद हजार व्याज भरण्यात काय शहाणपण?

व्याजदर तरी कुठे एका जागी बसतो? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत लांबून निवृत्तीच्या पलीकडे गेली, आणि हे त्यांना खात्याचा उतारा काढल्यावर कळलं. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले. वीस वर्षांत असे चढउतार चार-पाचदा होणारच, तेव्हा आठ टक्के हा आकडा पेन्सिलीनं लिहिलेला समजायचा.

इथवर कागद भाड्याच्या बाजूनं बोलतो. पण या हिशेबाचा एक पाय लंगडा आहे, आणि बीडच्या माणसाला तो कुणी दाखवायला नको. फरकाचे बारा हजार महिन्याच्या महिन्याला बाजूला पडले तर ना! आणि पडले तर कुठे पडले? बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेट सहकारी सोसायटीच्या ठेवीदारांनी हेच केलं होतं. उधळपट्टी नाही, बचत. शिक्षकांनी, निवृत्तांनी, ऊसतोडीहून परतलेल्यांनी बँकेपेक्षा चार पैसे जास्त व्याज मिळतं म्हणून ठेवी ठेवल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेच्या चालकांच्या उद्योगांवर प्राप्तिकराच्या धाडी पडल्या, ठेवीदारांची रीघ लागली आणि पैसे मिळणं बंद झालं. २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली, पुढे ईडीही आली. त्यात कित्येकांचे घरासाठी म्हणून साठवलेले पैसे अडकले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्था आणि मल्टीस्टेट सोसायट्यांच्या ठेवींना तो नाही. हा फरक पाटीवर कुणी लिहीत नाही.

म्हणून तर हप्त्याची बाजू घेणारे अगदीच चुकीचे नाहीत. हप्ता पगाराच्या दिवशी खात्यातून आपोआप कापला जातो. भावाची फी, चुलतबहिणीचं लग्न, गावाकडचा बोअर, कुणीही मागायला आलं तरी हप्त्याला हात लावता येत नाही. बीडमध्ये आज ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे त्यांतल्या बहुतेकांनी ते गणिताच्या जोरावर मिळवलेलं नाही, सक्तीच्या जोरावर मिळवलंय. तुझ्या हातून पैसा सुटतो की टिकतो, हे मामापेक्षा तुझं पासबुक नीट सांगेल.

आणखी एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात बसत नाही. एकट्या नोकरदार बाईला घर दाखवताना घरमालक आधी आडनाव विचारतो, मग रात्रपाळी असते का, मग घरी कोण कोण येणार. मटण शिजवणार का हाही प्रश्न असतोच. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण तिथे भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येत नाही. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार, तोही बहुतेकदा तोंडी. रात्री दोनला ड्यूटी संपवून आलेल्या बाईनं फाटक वाजवल्यावर वरच्या मजल्यावरून खाकरणं ऐकून घेणं, याची किंमत महिना किती धरायची? मामाला तो आकडा येत नाही. तो तुझ्यासाठी पाच हजार असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो, आणि त्यात कुणाला हसण्यासारखं काही नाही.

तोंडी कराराबद्दल मात्र कायदा भाडेकरूच्या बाजूनं आहे, फारसं कुणाला ठाऊक नाही इतकंच. निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्याला पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून सबंध राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा करायची तयारी दाखवली की बरेच घरमालक तयार होतात.

आता तो फ्लॅट. जाहिरातीत 'रेल्वेपासून दहा मिनिटे' असं छापलेलं असणार. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली, आणि बीडच्या फलाटावर पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधली तीस वर्षं लोकांनी 'रेल्वेलगत' म्हणून प्लॉट विकले आणि विकतही घेतले. गाडी आली याचा आनंद मामालाही आहे. पण तिचा भाव बिल्डरनं आधीच किमतीत लावलेला असतो. तो चढेल या आशेवर आपण दुसऱ्यांदा पैसे मोजायचे नाहीत.

रेल्वेपेक्षा सातबारा महत्त्वाचा. बीड आणि आष्टी या दोन्ही तालुक्यांत देवस्थानाच्या इनामी जमिनी खाजगी नावावर चढवल्याची प्रकरणं गाजलेली आहेत. मराठवाड्यात मदतमाश, खिदमतमाश असली इनामाची नोंद जुन्या कागदात सापडली की पुढचे सगळे व्यवहार डळमळतात, मग वर चार मजले उभे असोत. जुने फेरफार मागव, एन.ए. आदेश मागव. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघ, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नको. कायद्यानं त्याला ती मागताच येत नाही. एका बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणून भावाचं नाव जोडायचा आग्रह झाला तर तीस हजारांचं कारण पुढे करता येईल.

पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, सप्टेंबर २०२४ पासून, नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न, पस्तीस लाखांपर्यंतचं घर आणि पंचवीस लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजारांचं व्याज अनुदान पाच वर्षांत मिळतं. आकड्यांत तू बसतेस. अडचण गावाकडची आहे. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको ही अट आहे, आणि अविवाहित मुलगी आईबापांच्याच कुटुंबात धरतात. दाजींच्या नावावर घरकुल उभं आहे. तेव्हा हे अनुदान हिशेबात धरून चालू नको. बिल्डरचा माणूस मात्र ते धरूनच हप्ता सांगेल.

राहिली तुझ्या सरकारी नोकरीतली बदली. २००५ च्या कायद्यानं एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. उद्या परळीला किंवा गेवराईला ऑर्डर निघाली तर बीडच्या फ्लॅटचं भाडं आठ हजार येईल, हप्ता वीस हजार जाईल, आणि तिथल्या खोलीचं भाडं वेगळं. पगाराचे हातात पडणारे बावन्न हजार तीन ठिकाणी फाटतील. बँक बावन्न हजारांवर वीसचा हप्ता आनंदानं मंजूर करते. मामा टेबलाच्या अलीकडे असता तर त्यानंही केला असता. पण टेबलाच्या पलीकडच्या भाचीला तो सांगेल की हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत हवा, म्हणजे सतरा हजार, म्हणजे कर्ज वीस लाखांच्या आसपास.

तर मामाचं मत असं : पुढच्या बदलीचा फेरा होईपर्यंत भाड्यानंच राहा, पण घरमालकाला नोंदणीकृत करार करायला लाव, फाटकाच्या वेळेचा मुद्दा त्यातच लिहून घे. पगाराच्या दिवशी बारा हजार कापून जातील अशी आवर्ती ठेव याच महिन्यात उघड, पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत, मल्टीस्टेटमध्ये नाही. वर्षभर एकही हप्ता चुकला नाही, तर आकडे भाड्याच्या बाजूनं आहेत असं समज. तीन-चार महिन्यांतच ती मोडावी लागली, तर मामा आपलं मत फिरवील आणि वीस लाखांत बसणारं घर शोधायला स्वतः बीडला येईल.

फ्लॅटवाल्याला टोकन दिलं नसशील अशी आशा आहे. दिलं असेल तर पावतीवर ते परत मिळण्याची अट आहे का ते बघ, आणि पावतीचा फोटो आजच पाठव. आईला सांग, मामानं नाही म्हटलेलं नाही.

तुझा,
मामा